मंग्याचा काटा: साडेतीनशे रुपयांचं वजनयंत्र आणि खाण्यात हट्टी पाखरू

पाखराला नवं काही खायला लावायचं म्हणून चार महिन्यांत मी तीन वस्तू घेतल्या. पेलेटचं अर्ध्या किलोचं पाकीट ७५० रुपये, पिंजऱ्यात भाज्या टांगायची स्टीलची सळई १८० रुपये आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ३४९ रुपये. पहिल्या दोन खास पाखरांसाठी म्हणून विकतात. तिसरी वस्तू बायका केकचा मैदा मोजायला घेतात. मी इथं लिहायला बसलोय ते मुख्यतः तिसरीबद्दल, पण पहिल्या दोघींचं काय झालं ते सांगितल्याशिवाय तिची किंमत कळायची नाही.

मी एकतीस वर्षं कोल्हापुरात गुजरीत एका पेढीवर काट्यावर बसत होतो. सोनं आलं की वजन, सोनं गेलं की वजन, मोडीला आलं तर खडे काढून वजन. त्यामुळं वजनाच्या बाबतीत माझ्यात थोडा वेडेपणा आहे, हे आधीच कबूल करतो. घरातले तर रोजच म्हणतात.

पाखरू माझं नव्हे, नातीचं. कॉकटील, म्हणजे मूळचं ऑस्ट्रेलियाचं, डोक्यावर तुरा असलेलं. पिवळं तोंड आणि गालावर शेंदरी टिळे, म्हणून तिनं नाव ठेवलं मँगो. आमच्या सौभाग्यवतींनी दोन दिवसांत त्याचं मंग्या केलं. जूनअखेर नात शिकायला पुण्याला गेली, वसतिगृहात पाखरू चालत नाही, तेव्हा मंग्या आमच्याकडं आला. जाताना पोरगी म्हणाली, "आबा, त्याला फक्त बिया आवडतात, दुसरं काही तो खातच नाही." हे ती कौतुकानं सांगत होती.

खरंच खात नव्हता. राळं आणि सूर्यफूल, त्यातही आधी सूर्यफूल. वाटीतलं राळं चोचीनं उडवून द्यायचा आणि खालची सूर्यफुलाची बी शोधून काढायचा, जसा एखादा चिवड्यातले शेंगदाणे वेचून खातो. काकडी दाखवली की तुरा ताठ करून मागं सरकायचा. गाजराचा तुकडा वाटीत ठेवला तर दिवसभर वाटीकडं फिरकलाच नाही.

पाखरं तपासणारा डॉक्टर शोधायला आठवडा गेला. म्हशी आणि कुत्र्यांचे मुबलक आहेत. शेवटी एक तरुण डॉक्टर मिळाले. त्यांनी मंग्याला रुमालात धरलं, छातीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "काका, हे हाड हाताला नीट लागायला पाहिजे, ते चरबीत बुडालंय." नुसत्या बियांवर जगणाऱ्या पाखराला अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम पुरत नाही, तेलबियांनी यकृतावर चरबी चढते, आणि हे सगळं वरून दिसत नाही. पाखरू आजार लपवतं. रानात जे पाखरू दुबळं दिसतं ते आधी उचललं जातं, म्हणून शेवटपर्यंत धट्टंकट्टं असल्यासारखं वागायची त्यांना खोडच असते. शिवाय पिसं फुगवून बसलं की आत हाडं राहिली तरी बाहेरून गुबगुबीत दिसतं.

मग त्यांनी विचारलं, "वजन करता का?"

मी. एकतीस वर्षं काट्यावर बसलेला माणूस. आणि घरात पाखरू असून वजन केलं नव्हतं. लाज वाटली.

त्यांच्या काट्यावर भरलं ९६ ग्रॅम. जुन्या तोळ्यानं आठ तोळे पावणेतीन मासे, हे मी मनातल्या मनात लगेच केलं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आताचा दहाचा. कॉकटील साधारण ८० ते १२० ग्रॅम असतं, म्हणजे आकडा बरा दिसत होता, पण डॉक्टरांचं म्हणणं, याच्या अंगकाठीला तो जास्त आहे आणि तो सावकाश उतरायला हवा. सावकाश हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला होता. मी एकदाच ऐकला.

आता पेलेट. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, धान्य, डाळी, जीवनसत्त्वं, खनिजं सगळं एकत्र दळून त्याचे बारीक दाणे पाडतात, म्हणजे पाखराला त्यातलं आवडतं तेवढंच वेचता येत नाही. कल्पना चोख आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण पाकीट दुकानदारानं मोठ्या गोणीतून सुटं भरून दिलेलं होतं, वर ना तारीख ना काही. घरी येऊन उघडलं तर जुन्या तेलाचा वास. मी परत नेलं. बराच वाद झाल्यावर त्यानं कंपनीचं बंद पाकीट दिलं, ते ठीक होतं. पण खरा घोटाळा पाकिटाचा नव्हता, सल्ल्याचा होता. "काही नाही हो काका, बिया बंद करा. दोन दिवस उपाशी राहिला की तिसऱ्या दिवशी आपोआप खाणार. भूक लागली की सगळे खातात."

माझाही स्वभाव असा, की पोरांना आम्ही असंच वाढवलं. ताटात पडेल ते खायचं. म्हणून मी बिया बंद केल्या.

काटा त्याच सुमारास मागवला होता. त्याआधी घरात माझा जुना खिशातला सराफी काटा होता, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. त्यावर पाखरू तोलायचा प्रयत्न केला आणि हात टेकले. ताटली काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, पाखराचे पाय मावतात पण शेपूट बाहेर टेकते, आणि पाखरू श्वास घेतं तसे शेवटचे दोन आकडे नाचत राहतात. सोनं श्वास घेत नाही, हा फरक तोवर माझ्या ध्यानात आला नव्हता.

नवा काटा म्हणजे पांढरं प्लास्टिक, वर वीतभर व्यासाची स्टीलची ताटली, पाच किलोपर्यंत चालणारा, एकेक ग्रॅम मोजणारा. हाच काटा मला बाजारात चार वेगवेगळ्या नावांनी दिसला, त्यामुळं नावात काही अर्थ नाही. यावर वैधमापनचा शिक्का नसतो, दुकानात विक्रीसाठी वापरला तर दंड होईल, घरात चालतो. आल्या आल्या मी त्याची परीक्षा घेतली. दहा रुपयांचं नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं. दहा नाणी ठेवली, ७७ दाखवलं. एक काढलं, ६९. पुन्हा ठेवलं, ७७. ताटलीच्या कडेला ठेवून पाहिलं, तरी ७७. साडेतीनशे रुपयांत याहून काय पाहिजे? मी पेढीवर याच्या शंभरपट किमतीचे काटे कडेला ठेवलं की लबाडी करताना पाहिलेत.

पाखरू थेट गुळगुळीत ताटलीवर उभं राहत नाही, पाय घसरतात. गल्लीतल्या सुतारानं लाकडाच्या तुकड्यावर बोटभर जाडीची दांडी उभी-आडवी ठोकून दिली. ती ताटलीवर ठेवायची आणि शून्याचं बटण दाबायचं, म्हणजे धडा झाला, दांडीचं वजन वजा झालं. पूर्वी धडा करायला दुसऱ्या पारड्यात खडे टाकत बसावं लागायचं. मग राळ्याचं कणीस समोर धरायचं. मंग्या पहिल्या दिवशी हातभर लांबून बघत राहिला, दुसऱ्या दिवशी एक पाय ठेवला, तिसऱ्या दिवशी चढला. हे सगळं रोज सकाळी, त्याची रात्रीची शिट टाकून झाल्यावर आणि पोटात दाणा जायच्या आधी. वेळ बदलली की आकड्याला अर्थ राहत नाही. आणि पंखा बंद! हे मी सराफीतून शिकलेलो. पेढीवर बारीक काट्याला काचेचं घर असतं ते उगाच नाही. डोक्यावर पंखा असला की मंग्या दोन ग्रॅम वरखाली होतो.

नुसत्या पेलेटच्या पहिल्या सकाळी ९६. दुसऱ्या सकाळी ९४. मी सौ.ला सांगितलं, उतरतंय, छान. वाटी बघितली तर पेलेट कमी झालेले दिसत होते, म्हणजे खातोय. तिसऱ्या सकाळी ९१. वाटीतले पेलेट पुन्हा कमी. खातोय तर उतरतंय कसं?

गुजरीत झारेकरी असतात. सोनाराच्या दुकानापुढची, गटारातली माती गोळा करून धुतात आणि तिच्यातून सोन्याचे कण काढतात. त्या दिवशी मी झारेकरी झालो. पिंजऱ्याखालचा कागद उचलला, जाळीवरचा, दांडीवरचा, वाटीतला सगळा भुगा कुंचल्यानं झाडून घेतला आणि सराफी काट्यावर टाकला. सकाळी दहा ग्रॅम पेलेट दिले होते. भुगा आणि उरलेले दाणे मिळून भरले ९ ग्रॅम ८४. पठ्ठ्या दिवसभर पेलेट फोडत होता, खेळत होता, चुरा करून उडवत होता. पोटात काहीच जात नव्हतं. घटीचा सगळा हिशोब लागला.

बियांच्या बाबतीतही हेच उलट होतं. पाखरू बी सोलून खातं आणि फोलपट वाटीतच टाकतं, त्यामुळं रिकामी वाटी भरलेली दिसते. कोणी घरी पाखरू सोपवून गावाला जात असेल तर हे जरूर सांगून जावं. वाटीवर फुंकर मारायची, मग बघायचं.

चौथ्या सकाळी ८८. मंग्या दांडीवर चढला खरा, पण शीळ घातली नाही, आणि कागदावर शिट म्हणून जे पडलं होतं ते चार गडद हिरवे ठिपके. डॉक्टरांना फोन लावला. ते रागावले नाहीत, पण आवाज बदलला. "काका, आत्ता बिया द्या. आत्ता. दहा टक्के उतरलं की धोका, तुम्ही आठच्या वर गेलाय." मग त्यांनी जे सांगितलं ते त्या दुकानदाराला सांगायची माझी फार इच्छा आहे. पाखराला भूक लागली तरी ते अनोळखी वस्तूला अन्न समजत नाही. लहानपणी आईबापांनी जे भरवलं, सोबत्यांनी जे खाल्लं, तेच अन्न. बाकीचं म्हणजे माणसासमोर ठेवलेला खडीचा ढीग. भरल्या वाटीशेजारी पाखरू उपाशी मरू शकतं.

बिया टाकल्या तेव्हा मंग्या वाटीत उभा राहून खात होता. मी समोर बसून होतो. सौ. काही बोलली नाही, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

काटा नसता तर? वाटी कमी होतेय म्हणून मी पाचवा दिवसही ढकलला असता, कदाचित सहावाही. माझ्या लेखी ३४९ रुपये त्याच सकाळी वसूल झाले.

सळईचं थोडक्यात उरकतो. स्टीलची म्हणून घेतली, ऑनलाइन. टोकाला आटे, खाली सुपारीएवढा गोळा, वर कडी. भाज्यांचे तुकडे ओवून टांगायचे. हातात घेतल्या घेतल्या मला रंग आवडला नाही. स्टीलची चमक वेगळी, मुलाम्याची वेगळी. आट्यांवर नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला, खाली लोखंड. असल्या मुलाम्यात जस्त असू शकतं आणि पाखराच्या पोटात जस्त गेलं तर विषबाधा होते. चोचीनं खरवडणं हाच तर त्यांचा धंदा. परत पाठवली, पैसे मिळाले, त्यावर पाचपैकी शून्य. आता मेथीची जुडी मी सुती दोऱ्यानं बांधतो आणि काम झालं की दोरा काढून घेतो, कारण दोऱ्यात पाय अडकतो.

मेथीच्या जुडीनंच खरं तर सुरुवात झाली. कपिलतीर्थ मंडईत जिच्याकडून मी भाजी घेतो ती मावशी मुळ्याचा पाला, कोबीची वरची पानं पिशवीत फुकट टाकते. तिला एकदा कारण सांगितलं. म्हणाली, "आबा, पाखराला ओला पाला द्या की. पावसात बगळा बघा कसा खुळावतोय." मला काही तर्क दिसला नाही, पण घरी येऊन मेथी नळाखाली भिजवली आणि तशीच ठिबकत टांगली. मंग्या त्यात शिरला. खायला नव्हे, आंघोळीला. पंख पसरून, पोट घासून, मेथीत पार उलटा झाला. अंघोळ करता करता पान चोचीत आलं, चावलं गेलं, थुंकलं गेलं. चौथ्या-पाचव्या अंघोळीला एक पान थुंकलं गेलं नाही. डायरीत तारखेपुढं मी लिहिलंय, "मेथी, अर्धं पान, गिळलं."

दुसरं गिळलेलं खाणं मिरची. हे कोणाला खरं वाटत नाही म्हणून सविस्तर सांगतो. श्रावणातला रविवार, सौ. खलबत्त्यात खर्डा करायला बसली होती, मिरच्या मोडून ताटात. मंग्या माझ्या खांद्यावर. तो खाली उतरला, ताटाच्या कडेवर उभा राहिला आणि मोडलेल्या मिरचीतलं बी वेचून सोलायला लागला. आम्ही दोघं ओरडलो. तो दचकलासुद्धा नाही. एकामागून एक सहा-सात बिया, मग मिरचीची आतली पांढरी शीर. मी पाण्याची वाटी धरून उभा, की आता ठसका लागणार. त्यानं चोच दांडीला पुसली आणि परत ताटाकडं निघाला. डॉक्टर फोनवर हसत होते. मिरचीतलं तिखट ज्या ठिकाणी आपल्याला झोंबतं, पाखरांची ती जागा त्या तिखटाला दादच देत नाही. रानात मिरचीच्या बिया पाखरंच पसरवतात. कोल्हापूरच्या घरात राहून तिखट सोसत नाही ते फक्त मला, ॲसिडिटीमुळं. मात्र हे नुसत्या मिरचीचं. खर्ड्यात मीठ आणि लसूण पडला की तो पाखराला नाही.

मिरचीनं मला किल्ली दिली. मंग्याला भाजी नको होती असं नव्हे, त्याला बी हवी होती. मग बी दिसेल असंच सगळं समोर ठेवायला लागलो. ढबू मिरची उभी चिरून बियांसकट. मक्याचं कोवळं कणीस. लाल भोपळ्याचा मगज बियांसह. आणि मोड आलेली मटकी. मटकी म्हणजे आमच्या मिसळीचा जीव, घरात कायम भिजत असलेली. मोड आलेली मटकी ओलसर असते, तिच्यावर राळं भुरभुरलं की चिकटतं. राळं वेचताना मटकी चोचीत येते. पहिल्या दिवशी राळं गेलं, मटकी राहिली. सहाव्या दिवशी मटकीचे मोड तेवढे खुडलेले. दहाव्या दिवशी मटकी गेली, राळं राहिलं! हे सराफी काट्यावर तोललेलं आहे, अंदाजानं नाही. ओलं खाणं दोन-तीन तासांत काढून टाकायचं, नाहीतर आंबतं. आणि मोड आणायचे तर मूग, मटकी, हरभऱ्याचे. कच्चा राजमा अजिबात नाही, तो विषारी.

या सगळ्या काळात बिया चालू होत्या, फक्त वेळ ठरवली. सकाळी आठ ते अकरा नवं खाणं, अकराला बिया, संध्याकाळी पुन्हा बिया. भुकेची धार असते पण उपास नसतो. काट्यावर रोज ९३, ९४, ९४, ९३. ज्या दिवशी ९१ दिसलं त्या दिवशी बिया नऊ वाजता. पूर्वी माझ्याकडं फक्त माझा हट्ट होता, त्याच्याकडं त्याचा. आता मधे एक आकडा होता आणि तो दोघांचंही ऐकत नव्हता.

पेलेट मग सप्टेंबरात परत काढले. मिक्सरमधून पीठ केलं आणि ओल्या मटकीवर चिमूटभर लावलं, पुरणपोळीला पिठी लावतो तसं. मग भरड. मग अर्धे दाणे. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं, पाखरं थव्यात खातात, तुम्ही समोर बसून खा. म्हणून एका सकाळी मी पेलेट तोंडात टाकला, मोठ्यानं कुडुमकुडुम केलं आणि "वा, वा" म्हटलं. दारात सौ. चहा घेऊन उभी. तिनं कप खाली ठेवला आणि परत आत गेली. चव विचाराल तर बिनमिठाची शिळी शेव. पण मंग्या माझ्या ओठांकडं मान वाकडी करून बघत होता आणि मी हातातला दुसरा पुढं केला तर तो घेतला, फोडला, आणि खाली पडलेल्या भुग्यातून दोन वेळा उचललं. त्या दिवशीची पेलेटची घट, म्हणजे पोटात गेलेलं: ०.३१ ग्रॅम.

त्याच चिमुकल्या घटीसाठी साडेसातशेच्या पाकिटाला मी पाचपैकी तीन देतो. माल बरा आहे. विकणाऱ्याला तोंड बंद ठेवायला सांगा.

आता काट्याची तक्रार, कारण पाच तारे देऊन मोकळं व्हायला मी जावई नाही. मिनिटभरात तो आपोआप बंद होतो. पाखरू चढायला वेळ लावतं आणि नेमका तेव्हाच विझतो, धडा पुन्हा. पंख फडफडवले की आकडा सत्तर ते एकशेतीस नाचतो, तुरा खाली बसेपर्यंत वाट बघावी लागते, आकडा धरून ठेवायची सोय नाही. आणि बटणं ताटलीच्या शेजारीच, हलक्या स्पर्शाची. ऑगस्टात एका सकाळी मी चष्मा न लावता बघितलं तर ३.३. मला दरदरून घाम फुटला. मंग्या समोर धडधाकट उभा आणि काटा म्हणतो सव्वातीन! चष्मा लावला तेव्हा कळलं, साहेबांनी चोचीनं एककाचं बटण दाबून काटा औंसात नेला होता. आता बटणावर पुठ्ठा चिकटवलाय. एक तारा यासाठी कापतो, चार देतो.

कोणी विचारेल, तो आता सगळं खातो का? नाही. गाजर खात नाही. किसून, वाफवून, चकत्या, जुडी, राळं लावून, मी स्वतः खाऊन दाखवून, सतरा वेळा दिलं आणि डायरीत सतरा वेळा "नाही" आहे. त्याऐवजी वाफवलेला लाल भोपळा खातो, शेवग्याचा पाला खातो, तेवढ्यात अ जीवनसत्त्वाचं भागतं असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मी गाजराचा नाद सोडला. पालक अधूनमधून, तो कॅल्शियम अडवतो. कॅल्शियमला समुद्रफेन टांगलंय, ते काष्ठौषधींच्या दुकानात मिळालं, पाखरांच्या दुकानापेक्षा निम्म्यात. काकडी खाल्ली की शिट पाण्यासारखी पडते, पहिल्या वेळी मी घाबरलो होतो. ते काकडीचं पाणी, हगवण नव्हे. सफरचंद देताना बी काढतो. अवोकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी यांना पाखराच्या आसपासही आणत नाही. आणि घरातला नॉनस्टिक तवा मोडीत काढला. तो रिकामा तापून राहिला तर त्याच्या वाफेनं पाखरू मरतं. बिडाचा तवा परत आला, घावन बरे होतात.

शेजारच्या गल्लीत एकाकडं हिरवा देशी पोपट आहे. तो मला विचारायला आला होता, आमचा पण मिरचीशिवाय काही खात नाही, काय करू? त्याला काटा सुचवला नाही. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, वनखात्याला कळवून टाका, एवढं सांगितलं. तेव्हापासून तो बोलत नाही. माणूस, पोपट नव्हे.

दिवाळीला नात आली. मंग्यानं तिच्या ताटातल्या फोडणी न घातलेल्या मटकीवर झडप घातली तेव्हा ती मला म्हणाली, "आबा, हा माझाच मँगो आहे ना? का बदलून आणलात?" तिला डायरी दाखवली. पंधरा जुलैपासूनचा रोजचा आकडा, समोर काय दिलं, किती उरलं. त्या सकाळचा ९२. डॉक्टरांनी परत बोट फिरवलं होतं, हाड आता लागतं.

चकल्यांची भाजणी मोजायला सौ.नं काटा मागितला. मी ताटली धुऊन, पुसून दिली. तिनं वास घेतला, माझ्याकडं बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून स्वतःसाठी तसलाच दुसरा आणला. दोन्ही शेजारी ठेवून मी दहा नाणी तोलली. तिचा ७८ दाखवतो. मंग्याचा ७७. अजून तिला सांगितलेलं नाही.